मंडळी मागं होती का पुढं? – पाठिंब्याचं इंग्रजी करताना

वसमतकडच्या एका शेतकऱ्याचा अर्ज माझ्याकडं इंग्रजी करायला आला होता. गायरानातल्या अतिक्रमणाचं प्रकरण. त्यात एक वाक्य होतं, ‘सदर इसमास गावातील वजनदार मंडळींनी पाठीशी घातले.’ संध्याकाळचे सात वाजून गेलेले, सकाळी दाखल करायचं होतं. मी ‘सपोर्टेड’ टाकलं आणि मोकळी झाले. रात्रीच वकीलसाहेबांनी ते पान माणसाच्या हाती परत पाठवलं. समासात पेन्सिलीनं एवढंच लिहिलेलं: ‘ताई, मंडळी त्याच्या मागं होती का पुढं?’

मला आधी राग आला. मग हसू आलं, कारण प्रश्न बरोबर होता. पाठीशी उभा राहणारा माणूस मागं असतो. पाठीशी घालणारा मात्र पुढं असतो, आणि गुन्हेगाराला आपल्या पाठीआड दडवतो. मराठीत दोन्हीकडं पाठच, पण एक पाठ त्याची आणि दुसरी आपली. इंग्रजीत ‘सपोर्टेड’ वाचून न्यायमूर्तींना वाटलं असतं की गावकऱ्यांना त्या माणसाचं म्हणणं पटलं होतं. हवं होतं ‘शील्डेड’.

त्या पेन्सिलीच्या ओळीवरून मला कामाची एक रीत सापडली. ती इथं सांगते. बावीस वर्षं मी मराठी कागदांचं इंग्रजी करते आहे. खालच्या कोर्टांचं कामकाज मराठीत चालतं. उच्च न्यायालयाचं मात्र राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणं इंग्रजीत. १९८१ साली औरंगाबादला खंडपीठ आलं, तेव्हापासून नांदेड, परभणी, बीडकडचे कागद मुंबईऐवजी इकडं यायला लागले. पंचनामे, जबाब, ग्रामसभेचे ठराव, सगळ्यांत ‘पाठिंबा’ आणि त्याची भावंडं असतातच. कोशात बघावं तर प्रत्येकापुढं एकच शब्द: सपोर्ट.

रीत अशी. कोऱ्या कागदावर एक चौकोन काढायचा. ज्याला आधार मिळाला ती गोष्ट म्हणजे हा चौकोन. मग आधार देणाऱ्यासाठी एक ठिपका द्यायचा: खाली, मागं, बाजूला किंवा पुढं. ठिपका नक्की झाल्याशिवाय इंग्रजी शब्द शोधायचा नाही. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या मुलींना हे पहिल्या दिवशी पोरकट वाटतं. आठवड्याभरात त्यांच्याही वहीच्या कडेला चौकोन दिसायला लागतात.

खालून सुरुवात करू. सपोर्ट हा शब्दच मुळी खालचा आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ खालून वाहून नेणं, उचलून धरणं. आपल्याकडं तो सगळ्यात खरा दिसतो तो हमीभावात. कागदोपत्री हमीभाव म्हणजे किमान आधारभूत किंमत, इंग्रजीत मिनिमम सपोर्ट प्राइस. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनला ती क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाली. म्हणजे भाव त्याच्याखाली घसरू नये म्हणून खालून लावलेला हात. मोंढ्यात त्याच्याखाली पुकारा झाला की शेतकरी ‘हात कुठं गेला’ म्हणून विचारतो, आणि शब्दाच्या अर्थानंसुद्धा त्याचंच बरोबर असतं.

सपोर्टचा आणखी एक अर्थ कामात येतो, पोसण्याचा. ‘ही सपोर्ट्स सिक्स पीपल’ म्हणजे त्याला सहा जणांची मतं पटतात असं नव्हे. सहा तोंडं त्याच्यावर अवलंबून आहेत. पोटगीच्या कागदांत हा अर्थ सारखा भेटतो. आणि व्याकरणातली एक चूक इथंच सांगून टाकते, कारण ती दहापैकी सात कागदांत असते. आपण ‘त्याला पाठिंबा दिला’ म्हणतो, म्हणून इंग्रजीतही ‘आय सपोर्ट टू हिम’ लिहितो. ते ‘टू’ उडवा. सपोर्ट क्रियापद असेल तर थेट ‘हिम’. नाम असेल तेव्हाच ‘गिव्ह सपोर्ट टू’.

सस्टेनही खालचाच, पण त्यात वेळ मुरलेला आहे. एकदा धरलं आणि सोडलं याला सस्टेन म्हणत नाहीत. पावसानं तीन आठवडे ओढ दिली आणि विहिरीच्या घोटभर पाण्यावर कापूस तगवला, ते तगवणं म्हणजे सस्टेन. पण याच शब्दाला एक उलटी बाजू आहे. खालून धरणारा भार सोसतोही. म्हणून दवाखान्याच्या दाखल्यात ‘सस्टेन्ड इंज्युरीज’ येतं, म्हणजे जखमा झाल्या, सोसल्या. माझ्याकडच्या एका मुलीनं इंग्रजीचं मराठी करताना लिहिलं होतं, ‘फिर्यादीने डोक्यास दोन जखमा टिकवल्या.’ दुसरी ते वाचून ओरडली, ‘मॅडम, हे काय लिवायलीय ही! जखमा का लोणचं?’ तेव्हापासून आमच्याकडं सस्टेनचं टोपणनावच लोणचं आहे.

अपहोल्ड करायला ती गोष्ट आधीपासून उभी आणि मानाची असावी लागते. हुकूम, कायदा, परंपरा, शब्द. वरचं कोर्ट खालच्या कोर्टाचा निकाल अपहोल्ड करतं, मराठीत आपण ‘कायम केला’ म्हणतो. उमेदवाराला अपहोल्ड करता येत नाही, सुनेला तर नाहीच नाही. आमदार-खासदारांच्या शपथेत याचं मराठी फार नेमकं केलेलं आहे: भारताची सार्वभौमता व एकात्मता ‘उन्नत राखीन’. ज्यानं कुणी ते केलं त्याला माझा नमस्कार. ‘समर्थन करीन’ लिहून तो सुटला असता.

आता घराची गोष्ट. खालच्या जागेसाठी इंग्रजीत इतके शब्द आहेत की ते एका घरात बसवल्याशिवाय माझ्या डोक्यात राहिले नसते.

आमचं आजोळ औसा तालुक्यातलं. माळवदाचं घर, दगड-मातीच्या हातभर रुंद भिंती, सागवानी तुळया, वर दरवर्षी थापलेल्या पांढऱ्या मातीचा ढीग. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा त्या पट्ट्यात माणसं मेली ती मुख्यतः याच जड माळवदांखाली आणि दगडी भिंतींखाली. आमचं घर उभं राहिलं, पण भेगाळलं. मामांनी दुसऱ्या दिवशी वाकलेल्या तुळईखाली बाभळीचं खोड उभं केलं. तो प्रॉप. मागची भिंत बाहेर कलली होती, तिला बाहेरून तिरका वासा रोवला. तो शोअर. दोन्ही कामं घाईची, तात्पुरती, पडणारं पडू नये एवढ्यापुरती. म्हणून प्रॉप अप आणि शोअर अप ही क्रियापदं आली की समजावं, आतलं काहीतरी आधीच खचलंय.

पुढं महिन्याभरानं गवंड्यानं त्याच भिंतीला बाहेरून दगडी उतरता आधार बांधला, भिंतीच्या अंगाचाच वाटावा असा. तो बट्रेस. हे पक्कं काम. युक्तिवादाला पुराव्यांनी बट्रेस करतात, घाबरून नव्हे, तर समोरचा ढकलणार हे आधीच ओळखून. एका कोपऱ्यात जमीनच पोकळ निघाली, तिथं जुन्या पायाखाली खणून नवा पाया भरावा लागला. ते अंडरपिन करणं. म्हणून जे वरून दिसत नाही पण ज्याच्यावर सगळं उभं असतं, त्याला इंग्रजीत अंडरपिन करतं असं म्हणतात. आणि शेवटी मामांनी शेजारी दोन खोल्या आरसीसीच्या बांधल्या. त्यातला पहिला ‘आर’ म्हणजे रीइन्फोर्स्ड. सळई आत असते, आणि काँक्रीट ओतायच्या आधीच ती बांधून ठेवावी लागते. रीइन्फोर्समध्ये घसरगुंडीचा वास नसतो. चांगलं आहे त्याला आणखी बळ.

तर खालचा ठिपका दिलात की दुसरा प्रश्न विचारायचा: पडायला आलं होतं का? हो असेल तर प्रॉप अप, शोअर अप. नाही तर बट्रेस, रीइन्फोर्स. हा प्रश्न चुकला तर कागदात नकळत अपमान होतो. आपली वर्तमानपत्रं हे बरोबर पाळतात. ‘अपक्षांनी सरकारला पाठिंबा दिला’ आणि ‘अपक्षांच्या टेकूवर सरकार’ या दोन ओळींतला बातमीदार कुठल्या बाजूचा, ते मुलालाही कळतं. पाठिंबा असेल तिथं सपोर्ट आणि टेकू असेल तिथं प्रॉप अप. आजारी साखर कारखान्याला दिलेल्या थकहमीचं इंग्रजी करताना मी दोनदा विचार करते, अशील कारखान्याचं आहे की ऊस घालून पैसे अडकलेल्या शेतकऱ्याचं. मूळ मराठीत जो रंग आहे तोच यावा, आपला घालू नये.

बोल्स्टर राहिला. याचा मूळ अर्थ पलंगावरची लांब उशी, म्हणजे आपला लोड. ओसरीवर गादी घातली आहे, पाहुणे मांडी घालून बसलेत, त्यांच्या मागं लोड सरकवला. पाहुणे पडत नव्हते. आता ऐसपैस टेकले, आवाज चढला. आत्मविश्वास, पत, बाजू या गोष्टी बोल्स्टर करतात. शब्दशः पाहिलं तर हा मागचा ठिपका झाला, पण उशी म्हणून तो डोक्याखालीही येतो. माझा चौकोन काही शास्त्र नव्हे.

मागच्या जागेत मराठी माणसाला घरी आल्यासारखं वाटतं. पाठिंबा, पाठबळ, पाठराखण, पाठपुरावा, सगळे पाठीवरचे. आमच्या आजोबांचं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं. ते ‘त्याला अमक्याची पुश्तपनाही आहे’ असं म्हणायचे. पुश्त म्हणजे पुन्हा पाठच. आणि इंग्रजीतला बॅक तर नावानंच पाठ. पण पाठिंब्याला बॅक लावायच्या आधी बघायचं, मागच्यानं काही लावलंय का: पैसा, वजन, नाव, माणसं. नुसतं ‘आम्ही तुमच्यासोबत’ म्हणणारा बॅक करत नाही. घोड्यावर पैसे लावणारा करतो. घोडा हरला तर त्याचंही जातं. त्यामुळं बॅक हा पाठबळाला जवळचा, पाठिंब्याला तेवढा नाही. एक सावधगिरी: बॅकला ‘आउट’ चिकटलं की माघार होते आणि ‘डाऊन’ चिकटलं की नमतं घेणं होतं. नुसत्या शेपटीनं पाठीराखा पळपुटा होतो.

एन्डॉर्सही पाठीवरचाच, हे मला फार उशिरा कळलं. लॅटिनमध्ये पाठीला दोर्सुम म्हणतात. कागदाच्या पाठीवर लिहिणं म्हणजे एन्डॉर्स करणं. चेक दुसऱ्याच्या नावे करताना आपण मागं सही करतो ना, तेच. १८८१ च्या पराक्राम्य संलेखांच्या कायद्यात याची व्याख्या आहे, आणि सरकारी मराठीत त्याला पृष्ठांकन म्हणतात. पृष्ठ म्हणजे पाठ! भाषांतर करणाऱ्यानं लॅटिनची पाठ संस्कृतच्या पाठीला अशी चिकटवली की सांधा दिसत नाही. यातून एन्डॉर्सचा नेमका अर्थ हाती लागतो: जाहीरपणे, आपल्या नावानं, मोहोर उठवणं. नट तेलाच्या बाटलीला एन्डॉर्स करतो. तेल वाईट निघालं तर नाव खराब होतं, पण तेलाच्या घाण्यात त्याचं भांडवल असेलच असं नाही. मनातल्या मनात कुणाला सपोर्ट करता येतं, मनातल्या मनात एन्डॉर्स करता येत नाही.

सेकंड हे क्रियापद ग्रामसभेच्या कागदांत हटकून येतं. सूचक आणि अनुमोदक. अनुमोदक सेकंड करतो. त्याला ठराव आवडलाच पाहिजे असं काही नाही. ‘चर्चेला घ्या’ एवढंच त्याच्या हाताचं म्हणणं. आणि गुरुजींनी मंत्र म्हणावा, यजमानानं ‘मम’ म्हणावं, तसं काही न ऐकता हात वर करणारेही असतातच. त्या ‘मम’ला सेकंड लावू नका. सेकंड हा सभेचा नियम आहे, मम हा स्वभाव. (ब्रिटिश इंग्रजीत याच अक्षरांचा उच्चार सिकॉन्ड केला की अर्थ प्रतिनियुक्तीवर पाठवणं होतो. एका अभियंत्याच्या सेवापुस्तकात माझी यावरून तासभर दांडी उडाली होती.)

दुजोरा मात्र वेगळा. त्यात ‘दुजा’ दिसत असला तरी तो सेकंड नव्हे, कॉरॉबरेट आहे. एकानं सांगितलं, दुसऱ्या स्वतंत्र ठिकाणाहून तेच आलं. साक्षीदार म्हणाला कुऱ्हाड होती, आणि डॉक्टरांनी जखम कुऱ्हाडीची सांगितली. आपणच आपलं वाक्य चार वेळा म्हटलं तर दुजोरा होत नाही, घोकंपट्टी होते. आपल्याकडच्या निकालपत्रांत साक्षीदार फितूर झाला की ‘डिड नॉट सपोर्ट द प्रॉसिक्युशन’ असं लिहायची पद्धत आहे. तिथं सपोर्टच ठेवा, तो कोर्टाचा ठरलेला शब्द आहे. आपल्या हुशारीनं बदलू नका.

बाजूला उभं राहणाऱ्यांत स्टँड बाय सगळ्यात फसवा. ‘शी स्टुड बाय हिम’ म्हणजे पडत्या काळात ती त्याच्या सोबत राहिली. ‘दे स्टुड बाय’, आणि पुढं माणूस नाही, म्हणजे हात बांधून बघत राहिले. एका शब्दावर निष्ठा आणि नामर्दपणा इतका टांगलेला मी दुसरीकडं पाहिला नाही. साइड विथला भांडण लागतं. बांधाचा वाद, भावकी दोन तट, त्यात कुणाची तरी कड घेणं. भांडण नसेल तर कड कुठली?

अबेट कोर्टाबाहेर फारसा भेटत नाही. आमच्याकडं रोज. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ जनावराला अंगावर सोडणं, आपण कुत्र्याला छू म्हणतो ते. भारतीय दंड संहितेच्या कलम १०७ मध्ये याची व्याख्या होती, १ जुलै २०२४ पासून ती न्याय संहितेच्या कलम ४५ मध्ये आहे. चिथावणी देणं, कटात सामील होणं, जाणूनबुजून मदत करणं, तिन्ही त्यात येतात. तेव्हा चांगल्या कामाला कुणी अबेट करत नाही. ‘गावकऱ्यांनी शाळा बांधायला साथ दिली’ याचं ‘अबेटेड’ केलेलं एक पान मी खरोखर पाहिलं आहे.

उरले पुढं उभे राहणारे. अ‍ॅडव्होकेट म्हणजे मूळ अर्थानं मदतीला हाकारलेला, तोंडानं लढणारा. क्रियापद म्हणून तो माणसाला सहसा लागत नाही. धोरण, उपाय, मागणी अ‍ॅडव्होकेट करतात. चॅम्पियन हा मैदानातला. मध्ययुगीन इंग्लंडात काही खटले द्वंद्वानं सुटायचे, आणि पक्षकाराच्या वतीनं जो लढायला उतरायचा तो चॅम्पियन. ही पद्धत कायद्यानं गेली ती थेट १८१९ साली. त्याला मराठीत कैवारी हाच शब्द, आणि क्रियापद हवं असेल तर धसास लावणं. मराठवाड्यात ब्रॉडगेज रेल्वे यावी अशी मागणी पुष्कळांनी केली, ते झालं अ‍ॅडव्होकेट. स्वातंत्र्यसेनानी गोविंदभाई श्रॉफ त्यासाठी आंदोलनात उतरले, ते चॅम्पियन. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचं, म्हणजे नामांतराचं, तसंच. ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला मंजूर झाला, नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधली पंधरा-सोळा वर्षं ज्यांनी मार खाल्ला, घरं जळताना पाहिली आणि तरी मागणी सोडली नाही, त्यांच्याबद्दल इंग्रजीत ‘सपोर्टेड द रिझोल्यूशन’ लिहिलेलं वाचलं की माझी पेन्सिल थांबत नाही. ठरावाला हात वर करणारेही सपोर्टेड आणि हेही सपोर्टेड?

एस्पाउझ कुणी चालवत असेल तर जपून. त्यात लग्न आहे, विचाराशी लावलेलं. आपल्याकडं वसा घेणं म्हणतात, उतायचं नाही मातायचं नाही असा. एका सभेपुरता एस्पाउझ होत नाही.

परवा कळंबकडचा एक कागद आला: ‘सदर सदस्य हे सरपंचाची तळी उचलतात.’ चौकोन काढला. ठिपका खाली. ताट खालूनच उचलतात, खंडोबाच्या जेजुरीत असो की नळदुर्गजवळच्या मैलारपूरला. पण सपोर्ट नाही, सस्टेन नाही, प्रॉप अप तर नाहीच, सरपंच चांगला टणक माणूस दिसत होता. अर्धा तास घालवून मी ‘ब्लाइंडली साइड्स विथ’ लिहिलं. पान परत आलं. वकीलसाहेबांनी ‘ब्लाइंडली’वर काट मारली होती आणि समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘ताई, आंधळेपणाचा पुरावा कुठंय?’